पंडिता रमाबाई : वैद्यकी हुकली, रुग्णसेवा नाही

घाटकोपरला नुसते रमाबाई म्हटले की रमाबाई आंबेडकर नगर डोळ्यांसमोर येते. पुण्यात म्हटले की रमाबाई रानडे आणि सेवासदन. पंडिता रमाबाई तिसऱ्या. मुंबईत गावदेवीला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात. संस्कृतच्या विदुषी, बालविधवांसाठी शारदा सदन काढले, ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती सदन उभारले. आरोग्याच्या सदरात त्यांचे काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. रमाबाई १८८३ मध्ये विलायतेला निघाल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. ते झाले नाही. पुढे जे झाले त्यात भूक, प्लेग, अंधत्व आणि बाईच्या आजाराकडे पाहण्याची समाजाची नजर असे आमच्या धंद्याचे बरेचसे विषय येतात.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मोठे व्युत्पन्न आणि हट्टी. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला, तर त्यांनी रानात घर केले पण शिकवणे सोडले नाही. पुढे पैसा संपला, कुटुंब तीर्थयात्रेला लागले, गावोगाव पुराणे सांगून पोट भरू लागले. लहान रमाने आईच्या तोंडून ऐकून हजारो श्लोक पाठ केले. मग १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. मजुरीची सवय नाही, भीक मागण्याची लाज, देवावरचा भरवसा पक्का. एकदा तर हे कुटुंब जंगलात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानफळांवर राहिले. काही काळात वडील गेले, मागोमाग आई, नंतर थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होत्या.

दुष्काळात माणूस भुकेने मेला असे कागदावर क्वचितच लिहिले जाते. ताप, हगवण, पटकी असे काहीतरी लिहिले जाते. उपाशी शरीराची प्रतिकारशक्ती आधी जाते आणि मग साधा अतिसारही पुरतो. मात्र मुलीने आईला उपाशी मरताना पाहिलेले असते, तिला कारण लिहून द्यावे लागत नाही. रमाबाईंच्या आयुष्यात दुष्काळ पुन्हा दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्या घरी बसल्या नाहीत, याचे मूळ मला इथे दिसते.

राहिलेली भावंडे, रमा आणि श्रीनिवास, पायी हिंदुस्थान तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला. १८८० च्या नोव्हेंबरात रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी, दोन्हीकडचे नातलग नाराज. मुलगी झाली, मनोरमा. ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबाबू पटकीने गेले. कॉलऱ्याचा जंतू कॉख यांनी कलकत्त्यात दाखवला तो १८८४ मध्ये, आणि मीठ-साखर-पाण्याने हा रोगी वाचतो हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी बोनगावच्या निर्वासितांच्या छावणीत दाखवले ते १९७१ मध्ये. आज अशा रोग्याला आमच्याकडे दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात. रमाबाई मात्र तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या, कडेवर मूल, आणि माहेर असे काही उरलेले नाही.

त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर, तेलंग या मंडळींनी स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला. त्याच साली हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला आणि रमाबाईंनी त्याच्यापुढे मराठीत साक्ष दिली. शिक्षिका तयार करा, स्त्रियांना निरीक्षक नेमा ही त्यांची मागणी अपेक्षितच होती. पण त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. या देशात बाईला बाई डॉक्टर हवी, कारण आजार पुरुषाला दाखवण्यापेक्षा इथल्या बायका मरण पत्करतात, आणि म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाची दारे स्त्रियांना उघडा. मुंबईत हाच विचार इतरांच्याही मनात होता. सोराबजी बेंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी निधी जमवला, १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजने मुलींना प्रवेश दिला, त्याच वर्षाअखेर डॉ. एडिथ पीची विलायतेहून आल्या आणि १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झाले. व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाचा डफरिन फंड १८८५ चा. या सगळ्याचे श्रेय एका साक्षीला देऊ नये, पण स्वतः या देशातल्या एका विधवेने सरकारी आयोगापुढे हे बोलून दाखवणे ही तेव्हा नवी गोष्ट होती. १४० वर्षांनीही आमच्या बाह्यरुग्ण विभागात अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन आलेली बाई आधी दारातून डोकावते आणि आत पुरुष डॉक्टर दिसला की बाई डॉक्टर कधी बसतात ते विचारते.

रमाबाईंना स्वतःच तशी डॉक्टर व्हायचे होते. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक विकून आलेल्या पैशात त्यांनी १८८३ मध्ये बोट पकडली आणि मुलीसह इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, अँग्लिकन पंथाच्या जोगिणींच्या मठात उतरल्या. तिथे वैद्यकीचा बेत मोडला. त्यांना ऐकू कमी येत होते आणि ते वाढत चालले होते.

तरुण वयात हळूहळू वाढणाऱ्या बहिरेपणाची कारणे अनेक असतात. लहानपणीचे कान फुटणे, गोवरासारखे ताप, काही घराण्यांत कानाच्या आतल्या रिकिबीच्या आकाराच्या हाडाचे जखडणे. हा शेवटचा विकार बायकांत अधिक दिसतो आणि पंचविशीच्या पुढेमागे जाणवू लागतो. त्यावरची आजची शस्त्रक्रिया १९५० नंतरच्या दशकात आली. विजेवर चालणारी श्रवणयंत्रेही रमाबाईंच्या तरुणपणी नव्हती. आणि तेव्हाचा डॉक्टर म्हणजे मुख्यतः कान. क्ष-किरण १८९५ चे, हृदयाचा आलेख त्याच्याही नंतरचा. छातीत काय चालले आहे हे कळायचे ते नळी लावून आणि बोटांनी ठोकून ऐकल्यावर. आज आवाज मोठा करणारे, पडद्यावर लहरी दाखवणारे स्टेथोस्कोप मिळतात आणि श्रवणदोष असलेले डॉक्टर जगात काम करतात. १८८३ मध्ये हा रस्ता बंद होता.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. कालपर्यंत सरस्वती म्हणून जिला डोक्यावर घेतले ती आज बाटगी ठरली. हा निर्णय तडकाफडकीचा नव्हता. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. पुण्यात त्यांच्याच जातीतले, ख्रिस्ती झालेले विद्वान नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी बोलणे झाले होते. पण निर्णायक ठरली ती एक भेट, आणि ती देवळातली नव्हती. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला आपले एक काम पाहायला पाठवले. समाजाने टाकलेल्या, वेश्याव्यवसायात ढकलल्या गेलेल्या स्त्रिया तिथे राहत. कुणी त्यांना पापिणी म्हणून हिणवत नव्हते. चांगल्या घरच्या बायका त्यांची शुश्रूषा करत होत्या, त्यांना काम शिकवत होत्या. अशा बाईला शास्त्रांनी काय शिक्षा सांगितली आहे हे रमाबाईंना मुखोद्गत होते. इथे शिक्षेच्या जागी औषधपाणी पाहिले आणि ही माणसे असे का वागतात, हा प्रश्न त्यांनी केला. उत्तरात त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री ही कथा ऐकायला मिळाली.

मी डॉक्टर आहे, धर्मशास्त्री नव्हे. कुठला धर्म खरा यावर या सदरात लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण सेवेकडे पाहून श्रद्धेकडे वळलेला हा माणूस आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. बहुतेकदा आपण उलटे गृहीत धरतो, आधी श्रद्धा आणि मग सेवा. स्वतः रमाबाईंनी पुढे कबूल केले की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी स्वीकारला तो बुद्धीला पटलेला धर्म, मनातून बदल झाला तो आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास. आणि बदल झाला म्हणजे बाई मऊ झाली असेही नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे सतत खटके उडत. त्रैक्याच्या सिद्धान्तावर प्रश्न, बिशपच्या आज्ञेवर प्रश्न. खाण्यात अंडे चालत नसे. हिंदू शास्त्र्यांपुढे जी मान झुकली नाही ती पाद्र्यांपुढेही झुकली नाही.

चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले आणि गणित, सृष्टिशास्त्रे शिकल्या. १८८६ मध्ये अमेरिकेतून बोलावणे आले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात ११ मार्चला आनंदीबाई जोशी एम. डी. होणार होत्या. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. एकविसाव्या वर्षात असलेल्या, क्षयाने आतून पोखरत चाललेल्या त्या मुलीच्या पदवीदानाला रमाबाई प्रेक्षकांत होत्या. जी पदवी स्वतःला मिळणार नव्हती ती आपल्या माणसाच्या हातात पाहण्याचा तो प्रसंग. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. क्षयाचा जंतू तोवर माहीत झाला होता, औषध यायला आणखी साठेक वर्षे होती.

रमाबाई अमेरिकेतच थांबल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याला आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांची प्रस्तावना होती. बालविवाह, बालवैधव्य हे विषय त्यात आहेत आणि मुंबईत नवऱ्याकडे नांदायला नकार देऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंचीही बाजू आहे. रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरतेच्या रुग्णालयात त्यांनी अनेक वर्षे काम केले. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली, तिने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे मान्य केले, आणि १८८९ मध्ये रमाबाई परतल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडले. तारीख आनंदीबाईंच्या पदवीदानाचीच. बालविधवांना निवारा आणि शिक्षण हा हेतू. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले. तिथे १८९३ मध्ये ठिणगी पडली. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत बसू लागल्या, काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. 'केसरी'ने झोड उठवली. सल्लागार मंडळातले रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात मला एकतर्फी निकाल देता येत नाही. धर्माबाबत तटस्थ राहू असे सांगून काढलेल्या संस्थेत हे घडले, त्यामुळे रानड्यांसारख्या मित्राला दुखावल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही. मुली अजाण होत्या, आश्रित होत्या. आश्रित माणूस आश्रयदात्याचा देव किती मोकळेपणाने निवडतो, हा प्रश्न आजच्या सेवाभावी रुग्णालयांनाही लागू आहे, मग ती कुठल्याही धर्माची असोत. रमाबाईंचे उत्तर असे होते की मी कुणाला बोलावले नाही, पण माझ्या खोलीचे दारही बंद करणार नाही. दुसरी बाजू अशी की ज्या घरांनी मुली परत नेल्या त्यांतल्या किती घरांत त्या मुलींचे केस, शिक्षण आणि पोटभर जेवण शिल्लक राहिले असेल याची चौकशी करायला कुणी संपादक गेला नाही.

आता खरी कसोटी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी गाठीचा प्लेग ओळखला. त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांभोवती मुलींचे दलाल घिरट्या घालत होते. त्यांनी तीनेकशे मुली-बायका जमवून आणल्या. तोवर प्लेग पुण्याला पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, घरांची झडती सुरू झाली, सोल्जर माजघरात शिरू लागले. गावात माणसे वाढवायला बंदी, म्हणून रमाबाईंनी मुली केडगावला नेल्या. पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर सोलापूरच्या रेल्वेमार्गावर त्यांनी फळबागेसाठी शंभर एकर माळ आधीच घेऊन ठेवला होता. तिथे आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या.

मुंबईत हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस तयार केली होती. पण उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे सिमोन यांनी दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९७ च्या त्या उन्हाळ्यात सरकार घरे धुऊन काढत होते, छपरे उघडत होते, माणसे विलग करत होते आणि रोगाच्या वाहकाला कुणी ओळखत नव्हते. मार्चमध्ये पुण्यातच सावित्रीबाई फुले एका रोगी मुलाला उचलून दवाखान्यात नेताना प्लेगने गेल्या. आपल्या उपनगरांत ख्रिस्ती वस्त्यांनी याच साथीत गावठाणांच्या तोंडाशी क्रूस उभारले. वांद्र्याच्या गल्ल्यांत ते आजही दिसतात, रिक्षा त्यांना वळसा घालून जातात. भीतीला माणसाने दिलेले ते एक उत्तर. केडगावचे उत्तर वेगळे होते, गर्दीतून बाहेर काढा, मोकळ्या जागी ठेवा, पाणी शोधा. रोगशास्त्र न शिकता रमाबाईंनी जे केले ते आजच्या पुस्तकातही बसते.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक केले. पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना काय सोसावे लागते, आपल्या मुलींपैकी एकीचे तिथे काय झाले, हे त्यांनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात उघडपणे लिहिले. ख्रिस्ती बाई सरकारच्या बाजूची असणार, असा समज तेव्हा सर्रास होता. सरकारने आरोप नाकारले. जून महिन्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सगळेच वातावरण पेटले. टिळक आणि रमाबाई यांचे एकमेकांविषयी काहीही मत असो, प्लेगच्या व्यवस्थेबद्दल दोघे जवळजवळ एकच बोलत होते.

१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावची वस्ती दीड हजारांवर गेली. दीड हजार उपाशी, आजारी बायकामुली एका माळावर, हे कुठल्याही जिल्हा शल्यचिकित्सकाची झोप उडवील असे चित्र आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालणेही धोक्याचे असते. रक्तातले क्षार ढासळतात आणि हृदय बंद पडू शकते. हे वैद्यकाला नीट समजले ते दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांनंतर. त्यात खरूज, उवा, हगवण, देवी, डोळे येणे. मुक्ती सदनात विहिरी खोदल्या, शेती केली, गाईगुरे पाळली, शंभरावर जनावरे होती. माग, शिवण, धुलाई, छापखाना, ज्याला जे जमेल ते काम. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळे. अंध मुलींसाठी वेगळा विभाग होता. तिथे मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवली, टोपल्या आणि वेताचे काम शिकवले. त्या काळात मुलांच्या अंधत्वाची मोठी कारणे देवी आणि कुपोषण ही होती. अ जीवनसत्त्व तुटले की बुबुळ कोरडे पडून विरघळते. त्या जीवनसत्त्वाचा शोध लागला १९१३ मध्ये.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. मुली रात्र रात्र प्रार्थना करत, रडत, थरथरत. जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात त्याची नोंद आहे. माझ्यातल्या डॉक्टरला समूहमनाच्या या लाटेविषयी शंका येते, ती मी लपवत नाही. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर रहाट फिरत होते आणि धान्य दळले जात होते, हेही खरे. श्रद्धेने माणूस बदलतो का हे मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. ताटातली भाकरी, अंगावरचे स्वच्छ लुगडे आणि अक्षर वाचता येणारी मुलगी या गोष्टी मात्र मोजता येतात.

ऐकणे कमी होत गेले तसतशा रमाबाई कागदाकडे वळल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचे साध्या, बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर केले. अठराएक वर्षे ते काम चालले. खिळे जुळवणे, छापणे, सगळे मुक्तीच्या बायकांनी केले. संस्कृतप्रचुर शब्द या पंडितेने जाणून टाळले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, अवघ्या चाळिशीत. शाळा, अंध मुली, हिशेब सगळे तिच्याच हातात होते. आईने काम थांबवले नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. निदान होते श्वासनलिकांचा पू झालेला दाह, म्हणजे साध्या भाषेत छातीतला संसर्ग. फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले त्याच्या सहा वर्षे आधी. वय चौसष्टला तीन आठवडे कमी. बायबलचे काम तोवर पुरे झाले होते, ते १९२४ मध्ये छापून निघाले. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

शुक्र ग्रहावरच्या विवरांना स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा प्रघात आहे. त्यांतल्या एकाचे नाव मेधावी, रमाबाईंवरून. दुसऱ्या एकाचे जोशी, आनंदीबाईंवरून.